बिल्ला, नांव आणि बोटावरची शाई

मतदानाच्या दिवशीं तिन्हीसांजेला विरारच्या रेल्वे स्थानकावर घटकाभर उभें राहावें आणि येणाऱ्या-जाणाऱ्या स्त्रियांचे हात तेवढे पाहावे. १८६७ सालच्या एप्रिल महिन्यांत येथूनच मुंबईच्या बॅकबेकडे पहिली गाडी निघाली. आज येथें उतरणाऱ्या माणसांची मोजदाद करूं म्हटलें तरी होणार नाहीं. बायकांच्या डब्यांतून लोंढा बाहेर पडतो. कोणाच्या डोक्यावर रिकामी टोपली असते. आगाशी-अर्नाळ्याकडच्या वाडीतलीं फुलें किंवा भाजी घेऊन ती पहाटेच शहरांत गेलेली असते, आणि जाण्यापूर्वीं किंवा परतल्यावर मत देण्याचें काम तिनें उरकलेलें असतें. कोणी परिचारिका रुग्णालयांतली पाळी संपवून घरीं निघालेली असते. कोणी लेकीचा हात धरून जिन्याकडे चाललेली असते. एकीच्या हातीं सोन्याच्या पाटल्या, दुसरीच्या हातीं कांचेच्या दोन बांगड्या, तिसरीचा हात मोकळाच. परंतु डाव्या हाताच्या तर्जनीवर, नखाच्या मुळाशीं, एक जांभळट काळी रेघ मात्र सगळ्यांची सारखी असते. ती सोनारानें घडविलेली नाहीं, तिला पैसा पडलेला नाहीं, आणि कांहीं आठवड्यांत ती नखाबरोबर वाढून निघूनही जाते.

ह्या रेघेच्या आधीं, ज्या काळीं स्त्रियांना मत नव्हतें त्या काळीं, एक निराळी खूण होती. ती बोटावर नसे, छातीवर असे. तिला बिल्ला म्हणत. आजचें भाषण त्या बिल्ल्याविषयीं आहे.

बिल्ला हा शब्द मराठी कानाला परका नाहीं. कचेरीच्या दाराशीं बसणाऱ्या पट्टेवाल्याच्या पट्ट्यावर पितळेचा बिल्ला चकाकत असे. स्थानकावरच्या हमालाच्या दंडाला क्रमांकाचा बिल्ला बांधलेला आपण पाहिला आहे. हा मनुष्य कोणाच्या चाकरींत आहे, कोणाच्या हुकमाचा ताबेदार आहे, हें सांगणें हें बिल्ल्याचें काम. आतां स्त्रियांच्या अंगावरच्या लेण्यांकडे ह्याच दृष्टीनें पाहावें. कुंकू, मंगळसूत्र, हिरवा चुडा, पायांतलीं जोडवीं, हीं सर्व बोलकीं आहेत. ही सुवासिनी आहे, ही अमक्याची पत्नी, तमक्या घरची सून, असें तीं सांगतात; ठुशी आणि पुतळ्यांची माळ त्या घराची ऐपतही सांगतात. हें म्हणण्यांत त्या लेण्यांचा उपमर्द करण्याचा हेतु नाहीं. हौसेनें घातलेला दागिना हौसेचाच असतो. पण एवढीं लेणीं अंगावर असून "हिचें स्वतःचें म्हणणें काय?" ह्या प्रश्नाचें उत्तर त्यांतल्या एकाजवळही नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं दूर देशींच्या स्त्रियांनीं जो बिल्ला लावला, त्याची नवलाई हीच होती. तो चाकरीचा नव्हता आणि सौभाग्याचाही नव्हता. तो लावणारीचें मत काय, हें तो सांगत होता.

हा बिल्ला झाला कसा, तें आधीं पाहूं. अमेरिकेंतील न्यूअर्क शहरीं व्हाइटहेड आणि होग नांवाची पेढी होती. तिनें १८९६ च्या सुमारास एक युक्ति प्रचारांत आणली. पत्र्याची वाटोळी चकती घ्यावयाची. तिच्यावर छापील कागद ठेवावयाचा. कागदावर सेल्युलॉइडचा पातळ, कांचेसारखा आरपार दिसणारा पापुद्रा पसरावयाचा. मग हीं तिन्ही यंत्रांत दाबून त्यांच्या कडा मागें दुमडावयाच्या. मागच्या पोकळींत तारेचें एक कडें बसवीत आणि त्याच तारेचें टोंक वांकवून त्याची टाचणी करीत. झाला बिल्ला तयार. कागदावर रंग पाहिजे तो छापावा, अक्षरें पाहिजेत तीं छापावीं. सेल्युलॉइडमुळें पावसानें तो भिजत नसे, आणि किंमत तर इतकी थोडी कीं शेंकड्यांनीं वांटला तरी वांटणारास जड जाऊं नये. त्याच वर्षीं मॅकिन्ले व ब्रायन यांच्यामध्यें अध्यक्षपदाची निवडणूक झाली व असे बिल्ले गांवोगांव वांटले गेले. ज्या पुरुषांना मत होतें, त्यांच्या कोटावर ते झळकले. मग ज्यांना मत नव्हतें त्यांनींही तेंच साधन उचललें.

अमेरिकेंतल्या स्त्रियांच्या बिल्ल्यांवर "स्त्रियांना मत" ह्या अर्थाच्या शब्दांबरोबर तारे असत. एक तारा म्हणजे स्त्रियांना मताधिकार देणारें एक संस्थान. वायोमिंग, कोलोरॅडो, यूटा आणि आयडाहो हीं पहिलीं चार. कित्येक वर्षें ताऱ्यांची संख्या चारांवरच राहिली. १९१० सालीं वॉशिंग्टन संस्थानाचा पांचवा तारा उगवला आणि १९११ सालीं कॅलिफोर्नियाचा सहावा. प्रत्येक जयानंतर जुना बिल्ला जुना होई आणि नवा काढावा लागे. चळवळीचा जमाखर्च इतक्या थोड्या जागेंत क्वचितच कोणी मांडला असेल.

ज्या देशानें सर्वांच्या आधीं आपल्या स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकींत मत दिलें, त्या न्यूझीलंडांत १८९३ सालीं बिल्ल्याचें काम फुलानें केलें होतें. मताधिकाराला अनुकूल असलेल्या सभासदांना स्त्रियांनीं कॅमेलियाचें पांढरें फूल दिलें. प्रतिकूल पक्षानें तांबडें धारण केलें. फूल संध्याकाळपर्यंत कोमेजतें. पत्र्याचा बिल्ला टिकतो, आणि रोज तोच प्रश्न घेऊन रस्त्यावर उभा राहतो. म्हणून दीर्घ लढ्याला फुलापेक्षां पत्रा सोयीचा ठरला.

असा दीर्घ लढा इंग्लंडांत झाला. १९०३ सालीं मँचेस्टर येथें एमेलिन पँखर्स्ट यांनीं स्त्रियांचा सामाजिक व राजकीय संघ स्थापन केला. १९०८ सालीं एमेलिन पेथिक-लॉरेन्स यांनीं त्याच्यासाठीं तीन रंग ठरविले : प्रतिष्ठेचा जांभळा, पावित्र्याचा पांढरा आणि आशेचा हिरवा. त्याच वर्षीं २१ जूनला लंडनच्या हाइड पार्कमध्यें जी प्रचंड सभा भरली, तींत हे रंग प्रथम मिरवले गेले. पुढें संघाच्या दुकानांतून ह्या रंगांच्या फिती, पट्टे आणि बिल्ले विकले जाऊं लागले. त्यांत पेनीभर किंमतीचा साधा बिल्लाही होता. विक्रीचे पैसे कार्याला मिळत हें खरें; पण बिल्ल्याचा मुख्य उपयोग दुसराच होता. तो लावून ट्राममध्यें चढलेल्या बाईस शेजारची बाई चार शब्द विचारी. कोणी कुचेष्टा करी, कोणी तोंड फिरवी, आणि एखादी हळूच पत्ता मागून घेई. सभेला न येणाऱ्या माणसापर्यंत सभा नेऊन पोंचविण्याचें काम तो पत्र्याचा तुकडा करीत असे.

लढा कडक झाला तसा बिल्लाही कडक झाला. हॉलोवे हें तेव्हां लंडनमधील स्त्रियांचें तुरुंग होतें. तेथून सुटून आलेल्या स्त्रियांना १९०९ सालापासून संघ एक चांदीचें पदक देऊं लागला. त्याची आकृति सिल्व्हिया पँखर्स्ट ह्या चित्रकर्तीनें काढली होती. पार्लमेंटचें चिन्ह म्हणजे सांखळ्यांनीं लोंबणारें गजांचें दार; तेंच तिनें पदकाला दिलें, आणि त्या गजांवर जांभळ्या, पांढऱ्या व हिरव्या मिन्यानें एक रुंद बाण काढला. हा बाण कैद्यांच्या कपड्यांवर छापलेला असे. सरकारनें जी खूण बेअब्रूची म्हणून अंगावर छापली, तीच ह्या स्त्रियांनीं मिन्यांत जडवून भूषण म्हणून मिरविली. आणि दार पार्लमेंटचें काय नि तुरुंगाचें काय, आपल्यापुढें दोन्ही सारखींच बंद आहेत, हेंही एकही अक्षर न लिहितां सांगितलें. त्याच वर्षीं तुरुंगांत अन्नत्याग सुरू झाला. अन्नत्याग करणारीसाठीं निराळें पदक निघालें. वरच्या पट्टीवर "शौर्यासाठीं" अशा अर्थाचे शब्द, खालीं तीन रंगांची फीत, आणि पदकाच्या पाठीवर त्या स्त्रीचें स्वतःचें नांव कोरलेलें. हें कोरलेलें नांव श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

बिल्ला लावला म्हणजे मनुष्य कायमचा त्या बाजूचा झाला, असें मात्र नव्हे. अमेरिकेंत टेनेसी संस्थानाच्या विधिमंडळांत १९२० च्या ऑगस्टमध्यें शेवटचा निकाल लागावयाचा होता. मताधिकाराचे कैवारी पिंवळा गुलाब लावून आले होते व विरोधक तांबडा. हॅरी बर्न नांवाच्या चोवीस वर्षांच्या सभासदाच्या कोटावर तांबडा गुलाब होता. पण खिशांत आईचें पत्र होतें, आणि त्यांत स्त्रियांच्या बाजूनें मत देण्याविषयीं तिनें त्याला लिहिलें होतें. नांव पुकारतांच त्यानें होकार दिला, आणि त्या मतानें पारडें फिरलें. बाहेरची खूण एक सांगत होती, आंतलें पत्र दुसरें; अखेर जय पत्राचा झाला. त्या आईला मात्र स्वतःचें मत तोंवर नव्हतें.

श्रोतेहो, आतांपर्यंतची हकीकत परदेशची झाली. तिचा आपल्याशीं संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो एका बिल्ल्यामुळेंच जुळला.

पंजाबचे महाराज रणजितसिंह यांची नात सोफिया दुलीपसिंह हिचा जन्म १८७६ सालीं इंग्लंडांत झाला. व्हिक्टोरिया राणी तिची धर्ममाता. राहावयास हॅम्पटन कोर्टच्या राजवाड्याच्या आवारांतलें घर. कुत्रीं पाळावीं, मेजवान्यांस जावें, असें तिचें आयुष्य सहज गेलें असतें. परंतु ती पँखर्स्टबाईंच्या संघांत शिरली. १८ नोव्हेंबर १९१० रोजीं पार्लमेंटवर गेलेल्या शिष्टमंडळांत ती अग्रभागीं होती. त्या दिवशीं पोलिसांनीं स्त्रियांना इतकें बुकललें कीं तो शुक्रवार "काळा शुक्रवार" म्हणून ओळखला जाऊं लागला. "मत नाहीं तर कर नाहीं" असें म्हणणाऱ्या स्त्रियांचीही एक संघटना होती. सोफिया तींतही होती. १९११ सालीं परवान्यांचे पैसे न भरल्याबद्दल तिला दंड झाला. तो तिनें दिला नाहीं, म्हणून तिची सात हिऱ्यांची आंगठी जप्त होऊन लिलांवांत निघाली. मैत्रिणींनीं ती विकत घेऊन तिला परत केली. सात हिऱ्यांची आंगठी सरकारला जप्त करतां आली. पेनीच्या बिल्ल्याला कोणी हात लावला नाहीं, कारण लिलांवांत त्याचें काय येणार?

तो बिल्ला लावून ही राजकन्या त्याच साली काश्मिरांत आली होती. तेथें श्रीनगरला मुंबई इलाख्यांतील एका पारशी मायलेकींशीं तिची ओळख झाली. आई हेराबाई टाटा, वय बत्तिशीच्या आसपास. मुलगी मिठन, तेरा वर्षांची. सुटी घालविण्यासाठीं दोघी तेथें गेल्या होत्या. सोफियाच्या अंगावर "स्त्रियांना मत" अशा इंग्रजी अक्षरांचा लहानसा बिल्ला नेहमीं असे. स्त्रियांच्या मताधिकाराविषयींची आपली व आईची आस्था ह्या भेटींतून जागी झाली, असें मिठन यांनीं पुढें आपल्या आठवणींत लिहून ठेविलें आहे. एका स्त्रीच्या अंगावरची खूण दुसरीनें पाहिली, तिच्याशीं बोलणें झालें, आणि बोलण्यांतून कार्य उभें राहिलें. बिल्ल्याकडून याहून अधिक कोणती अपेक्षा करावी?

हें कार्य कसें वाढलें तें थोडक्यांत सांगतां येईल. १९१७ सालीं मद्रासजवळ अड्यार येथें स्त्रियांचा भारतीय संघ स्थापन झाला व हेराबाई त्याच्या कामांत पडल्या. त्याच वर्षीं डिसेंबरांत सरोजिनी नायडू यांच्या नेतृत्वाखालीं स्त्रियांचें शिष्टमंडळ भारतमंत्री माँटेग्यू यांस मद्रासेंत भेटलें. त्याचें मागणें सरळ होतें. राज्यकारभारांत लोकांचा भाग वाढवावयाचा तर "लोक" ह्या शब्दांत स्त्रियाही याव्या. १९१८ सालीं मुंबईस भरलेल्या काँग्रेसच्या जादा अधिवेशनानें ह्या मागणीला पाठिंबा दिला. परंतु साउथबरो समितीनें ती अमान्य केली. येथील स्त्रिया पडद्यांत असतात, समाजाची तयारी नाहीं, असें समितीचें म्हणणें पडलें. ह्यावर मुंबईच्या स्त्रियांनीं आपल्या प्रतिनिधी म्हणून १९१९ सालीं हेराबाई व मिठन यांस विलायतेस पाठविलें. सर शंकरन नायर यांच्या साहाय्यानें त्यांनीं पार्लमेंटच्या संयुक्त समितीपुढें हिंदी स्त्रियांची बाजू मांडली आणि गांवोगांवच्या सभांतून भाषणें केलीं. श्रीनगरला तेरा वर्षांची असलेली मिठन तेव्हां एकवीस वर्षांची होती.

१९१९ च्या कायद्यानें स्त्रियांना मत दिलें नाहीं, पण दारही अगदीं लावून घेतलें नाहीं. प्रांतिक कायदे-कौन्सिलांनीं वाटल्यास हा अडसर काढावा, असें ठरलें. मद्रास पुढें झालें. जुलै १९२१ मध्यें मुंबईच्या कौन्सिलानेंही तसा ठराव केला. त्या दिवसांत इलाख्यांतील ह्या चळवळीला पुण्याहून रमाबाई रानडे यांचें पाठबळ होतें. नागपूर-वऱ्हाडच्या स्त्रियांना मात्र १९२७ पर्यंत वाट पाहावी लागली. मिठन बॅरिस्टर होऊन मुंबईच्या हायकोर्टांत वकिली करूं लागल्या. तेथें वकिली करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. विवाहानंतर त्या मिठन लाम झाल्या, आणि १९४७ सालीं मुंबईच्या शेरीफपदावर बसणारी पहिली स्त्री होण्याचा मान त्यांस मिळाला.

आपल्याकडच्या लढ्यांत बिल्ल्याला इंग्लंडांतल्यासारखें स्थान मिळालें नाहीं. येथें अर्ज झाले, सह्या झाल्या, शिष्टमंडळें गेलीं. १९३० च्या कायदेभंगांत मुंबईच्या देशसेविका केशरी साड्या नेसून रस्त्यांत उतरल्या. छातीवरची खूण ती येथें अंगभर झाली. पण खूण मोठी झाली तरी तिच्या पाठीवर काय कोरलेलें आहे, हा प्रश्न उरतोच. हॉलोवेच्या पदकाची आठवण येथें पुन्हा होते, कारण आपल्याकडच्या पुढच्या साऱ्या झगड्याचें मूळ नांवांत होतें.

१९२१ चा ठराव झाला खरा, पण मत मिळालें कोणाला? ज्याच्या नांवें ठराविक साऱ्याची जमीन असेल किंवा जो ठराविक कर भरीत असेल, त्याला. विरार तेव्हां ठाणें जिल्ह्यांत होतें. तेथल्या वाड्यांत केळी आणि पानवेली होत्या. वाडीला पाणी घालणारी बाई, फुलें तोडून बाजारांत नेणारी बाई, हिशेबाची पै न् पै सांभाळणारीही बाईच. पण सरकारी दप्तरांत वाडीपुढें नांव असे सासऱ्याचें, नवऱ्याचें किंवा दिराचें. कायद्यानें स्त्री म्हणून तिला अडविलें नाहीं. नांवावर कांहीं नाहीं म्हणून अडविलें. परिणाम एकच.

१९३५ च्या कायद्यानें हिंदुस्थानांतील सुमारें ६० लाख स्त्रियांना मत दिलें. त्यांतल्या पुष्कळजणींना तें मिळालें नवऱ्याच्या मिळकतीवर, त्याची पत्नी किंवा विधवा म्हणून. फुकट मिळणारी ही वस्तु स्त्रीसंघटनांनीं आनंदानें घ्यावयास हवी होती, असें कित्येकांना वाटलें. पण १९२७ सालीं पुण्यास जिचें पहिलें अधिवेशन भरलें ती अखिल भारतीय महिला परिषद, आणि तिच्या बरोबरच्या संस्था, यांनीं ह्या तरतुदीस पूर्वींच हरकत घेतली होती. मत द्यावयाचें तर सज्ञान माणूस म्हणून सर्वांना द्या, कोणाची बायको म्हणून नको, असें त्यांनीं निक्षून सांगितलें होतें. पट्टेवाल्याचा बिल्ला आणि मताधिकाराचा बिल्ला यांतला भेद त्यांना नीट कळला होता.

तो भेद कायद्यानें मान्य केला स्वतंत्र भारताच्या घटनेनें. प्रौढ मताधिकार आला. जमीन, कर, शिक्षण, नवरा, कशाचीही अट राहिली नाहीं. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठीं १७ कोटींहून अधिक लोकांच्या याद्या तयार होऊं लागल्या, आणि तेथें एक अकल्पित अडचण उभी राहिली. यादी करणारा दारीं आला म्हणजे कित्येक बाया आपलें नांवच सांगत ना. "अमक्याची आई", "तमक्याची बायको" एवढेंच उत्तर मिळे. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनीं असें नांव यादींत घेण्यास नकार दिला. स्वतःचें नांव न सांगितल्यामुळें सुमारें २८ लाख स्त्रिया यादींतून गळल्या. त्यांत उत्तरेकडील प्रांतांचा भाग मोठा होता. तरी महाराष्ट्रानें फार हंसण्याचें कारण नाहीं. उखाण्यांत नवऱ्याचें नांव घेतांना लाजणारी स्त्री स्वतःचें नांव तरी सांगणार कोणतें? माहेरचें एक; आणि लग्नांत ताटांतल्या तांदळांवर आंगठीनें लिहिलेलें दुसरें. तें दुसरें नांव निवडतांना तिला कोणी विचारलें होतें असेंही नाहीं. सेन यांचा निर्णय त्या वेळीं कठोर वाटला. परंतु पुढच्या निवडणुकीस त्या घरांतून खरीं नांवें येऊं लागलीं. हक्काच्या पदकावर नांव कोरलें गेलें तें तेव्हां.

आतां पुन्हा विरारच्या फलाटावर येऊं. तर्जनीवरची ती शाई म्हैसूरच्या कारखान्यांत होते. १९३७ सालीं म्हैसूरच्या महाराजांनीं तो काढला, व १९६२ च्या निवडणुकीपासून शाई तेथून येऊं लागली. तिच्यांत सिल्व्हर नायट्रेट असतें. तें कातडीशीं मिळून उजेडांत काळें पडतें आणि धुऊन जात नाहीं. एकानें दोनदां मत देऊं नये, एवढाच तिचा सरकारी उद्देश. पण लक्षांत घेतलें तर हा बिल्ल्याचा शेवटचा अवतार आहे. बिल्ला "मत द्या" म्हणत होता. शाई "दिलें" म्हणते. बिल्ला थोड्या धीट बायका लावीत. शाई सगळ्यांना सारखी लागते. आणि ती लागण्यापूर्वीं केंद्रांतला अधिकारी मोठ्यानें नांव वाचतो. अनेक घरांत बाईचें संपूर्ण नांव असें मोठ्यानें वर्षांतून एकदांही उच्चारलें जात नसेल.

वसई-विरारची महानगरपालिका २००९ सालीं झाली. महाराष्ट्रांतील स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठीं राखण्याचा कायदा २०११ सालीं आला. म्हणजे स्त्रीनें नुसतें मत द्यावें असें नव्हे, निवडूनही यावें, अशी सोय झाली. तरी कित्येक गांवीं सभासद पत्नी आणि बोलणारे यजमान, असा प्रकार दृष्टीस पडतो. फलकावर तिचें नांव, खुर्चीजवळ त्यांचा आवाज. ह्यावर कायद्याजवळ औषध थोडें; तें घरांतच शोधावें लागतें.

सुशिक्षित घरांनींही आपली यादी एकदां पाहावी. गिरगांव-परळच्या चाळींतून विरारला बिऱ्हाड हलविलें कीं दुधाचा रतीब बदलतो, मुलांची शाळा बदलते, शिधापत्रिकेवरचा पत्ताही बदलतो. मतदारयादींतलें गृहिणीचें नांव मात्र जुन्या चाळींतच राहतें. लग्न होऊन आलेल्या सुनेचें नांव माहेरच्या यादींत असतें, तेंही जुन्या नांवानें. मतदानाच्या दिवशीं तिकडे जाणें होत नाहीं आणि इकडे तिचें नांव नाहीं. घरांतील पुरुष तेवढे मत देऊन येतात, आणि तिचें मत राहून गेलें हें जेवणाच्या वेळेपर्यंत कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं. नवें नांव घालण्यास नमुना ६ आणि पत्ता किंवा नांव बदलण्यास नमुना ८ भरावा लागतो. १९८९ पासून अठरा वर्षांची मुलगीही मतदार होते. अर्ध्या तासाचें हें काम आहे. ह्या अर्ध्या तासासाठीं दूर देशीं कोणी तुरुंगांत उपाशी राहिलें, आणि आपल्या मुंबईच्या मायलेकी सात समुद्र ओलांडून गेल्या.

फलाटावरची गर्दी आतां ओसरत असेल. आईचा हात धरून चाललेली ती मुलगी आईच्या बोटाकडे पाहून विचारील, "आई, हें काय लागलें?" श्रीनगरला एका मुलीला असाच एका लहानशा खुणेचा अर्थ कळला होता आणि तिच्या सबंध आयुष्याला त्यानें दिशा दिली. आईनें लांबलचक व्याख्यान देण्याचें कारण नाहीं. "यादींत माझें नांव होतें, तें वाचलें, आणि मीं माझें मत दिलें," एवढें तिनें सांगितलें तरी मुलीला पुरे होईल. मात्र तें सांगतां यावें म्हणून नांव यादींत असलें पाहिजे.